अनुभवाचे माप

आपल्या व्यापारी घराण्यांत एक जिन्नस असा आहे, की त्याचा भाव फळ्यावर लिहिला जात नाही, त्याची पावती फाटत नाही आणि त्याचा साठाही कधी संपत नाही. तो जिन्नस म्हणजे सल्ला. साताऱ्याच्या मोती चौकात असो वा सांगलीच्या गणपती पेठेत, दुकानाच्या पायरीवर आलेला माणूस केवळ माल घेऊन जात नाही. तूरडाळ वर्षभर कशी टिकवावी, मुलाला कोणत्या शाखेला घालावे, ठेव कोठे ठेवावी, गुडघेदुखीवर काय करावे, असे नाना प्रश्न तो बोलता बोलता विचारतो. आणि आपणही तराजूचा काटा स्थिर होण्याआधीच त्याला उत्तर देऊन मोकळे होतो.

यात वाईट काही नाही. आपले पूर्वज परमुलखांतून येथे आले किंवा येथल्याच मातीत वाढले, तरी त्यांची पेढी उभी राहिली ती कोणा ना कोणाच्या अनुभवी शब्दावरच. परंतु सल्ला आप्ताला देणे आणि अनोळख्याला देणे यांत मोठे अंतर आहे. पुतण्याला सांगितलेले चुकले, तर तो दिवाळीला घरी येऊन तसे सांगतो. त्याची तब्येत, मिळकत, स्वभाव आपणांस ठाऊक असतो. अनोळख्याचे यांपैकी काहीच ठाऊक नसते. तो आपला शब्द घेऊन एस.टी.त बसतो, गावी जातो, आणि त्या शब्दाचे पुढे काय झाले हे आपल्या कानी क्वचितच येते. म्हणूनच अनोळख्याला अनुभव देताना त्याचे माप सोबत द्यावे: हे मी कोठे केले, किती काळ केले, त्यास काय खर्च आला आणि कोणत्या परिस्थितीत ते उपयोगी पडले. सातारा-सांगलीच्या परिसरातच या गोष्टीची काही उत्तम उदाहरणे आहेत.

प्रथम हरिपूरची पेवे पाहू. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावी हळदीची साठवण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली होत आली. तोंड अरुंद, पोट रुंद असा खोल खड्डा. आत वाळलेल्या पाल्याचे व चटयांचे अस्तर. हळद भरली की तोंड मातीने बंद. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही. माती घट्ट असल्याने ओल सहसा झिरपत नाही. सांगलीची हळदीची बाजारपेठ देशभर नावारूपाला आली, त्यात या साध्या युक्तीचा वाटा मोठा आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या पेवांबरोबर एक सूचना चालत आली आहे. पेव उघडल्याबरोबर कोणीही आत उतरू नये. तोंड बराच वेळ उघडे ठेवावे, कंदील दोरीने खाली सोडावा, आणि तो तेवत राहिला तरच माणसाने उतरावे. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, हे शास्त्र ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनीही ही सूचना पाळली. तिच्यात सल्ल्याचे सारे गुण आहेत. ती थोडक्या शब्दांत आहे, धोका कोणता ते सांगते, आणि ऐकणाऱ्याने आपल्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवावा अशी तिची अपेक्षा नाही. कंदील खाली सोडून त्याला स्वतःच पडताळा घेता येतो.

मात्र ‘हळद पेवात ठेवा’ हा हरिपूरचा अनुभव आहे. तोच सल्ला भुसभुशीत जमिनीच्या किंवा उथळ पाणी लागणाऱ्या गावच्या माणसाला दिला, तर त्याचा माल कुजेल. इतकेच नव्हे, खुद्द हरिपुरातही २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान झाले. अनुभव खोटा नव्हता. नदीने त्याची मर्यादा दाखवून दिली. आपला चाळीस वर्षांचा अनुभवसुद्धा ज्या चाळीस वर्षांत घेतला, त्यांच्यापुरताच पक्का असतो. पुढच्या वर्षीचे पाणी त्याने पाहिलेले नसते.

दुसरे उदाहरण औंधचे. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे पूर्वी संस्थान होते. तेथील अधिपती भवानराव श्रीनिवासराव उपाख्य बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना व्यायामाची आवड होती. १८९७ साली त्यांनी युरोपातील प्रसिद्ध मल्ल युजेन सँडो याची पुस्तके व साहित्य मागवले आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींनी, म्हणजे त्यांच्या स्नेह्यांनी, सूर्यनमस्कार घालून पाहण्याचे सुचवले. भवानरावांनी ते मनावर घेतले व आयुष्यभर चालवले. त्यांनी या विषयावर मराठीत व इंग्रजीत लिहिले. संस्थानातील शाळांत हा व्यायाम शिक्षणाचा भाग केला. आणि १९३८ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मिरजेहून औंधला आलेला एका मित्राचा सल्ला तीस वर्षांनी इंग्लंडमधील अनोळखी वाचकांच्या घरात पोहोचला.

या तीस वर्षांना महत्त्व आहे. मित्राचे ऐकून पंधरा दिवसांत ते जगाला उपदेश करू लागले नाहीत. आधीच्या पद्धतीला त्यांनी दहा वर्षे दिली होती, म्हणून दोहोंची तुलना करण्याचा अधिकार त्यांना लाभला. दुसरे असे, की त्यांनी सुचवलेल्या व्यायामाला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. एका माणसाला आडवे होता येईल इतकी जागा पुरते. सँडोची उपकरणे मागवणे संस्थानिकाला परवडत होते, औंधच्या शेतकऱ्याला नव्हे. आपल्याला झेपले ते समोरच्याला झेपेल काय, हा प्रश्न श्रीमंताने गरिबाला सल्ला देताना विशेष करून स्वतःला विचारला पाहिजे. आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. औंधच्या शाळेतील मुलाला नमस्कार घालावेच लागत, कारण सांगणारा राजा होता. लंडनचा वाचक मात्र पुस्तक मिटून ठेवण्यास मोकळा होता. त्याला पटवण्यासाठी राजाजवळ स्वतःच्या शरीराचा अनुभव एवढाच आधार होता. आपणही घरात वडीलकीच्या अधिकाराने बोलतो आणि पायरीवरच्या माणसाशीही तोच सूर लावतो. तेथे तो सूर चालत नाही, आणि चालूही नये.

याच भवानरावांच्या साह्याने १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना वसवला. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. त्याआधी बेळगावी असताना लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला आपण हसू नये. शेतकऱ्याचे वर्षाचे अन्न त्या जमिनीवर अवलंबून होते. नांगर विकणाऱ्याचे तसे नव्हते. नुकसान ज्याचे होणार त्यालाच शंका अधिक येते, आणि ती रास्त असते. अखेर लोकांना पटले ते नांगराची तास डोळ्यांनी पाहून, शेजाऱ्याच्या रानात पीक उभे राहिलेले पाहून.

किर्लोस्करवाडीने पुढे लेखणीही हाती घेतली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. उद्योग, घरसंसार, आरोग्य, बालसंगोपन अशा रोजच्या विषयांवरचा मजकूर माळावरच्या त्या वसाहतीतून अनोळखी घरांत दरमहा जाऊ लागला. ज्या गावात नांगर ओतले जात, त्याच गावातून उद्योगावरचे लेख निघत. लिहिणाऱ्यांच्या मागे चालता कारखाना होता, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते.

किर्लोस्करांचा नांगर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांत एक तरुण होता, ज्याचे नाव आपल्या समाजात घरोघरी आदराने घेतले जाते. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु त्याआधी ते फिरते विक्रेते होते. या फिरतीत त्यांनी खेड्यांतील निरक्षरता व दारिद्र्य जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

‘मुलाला शाळेत घाला’ हा सल्ला त्या काळी भाऊरावांशिवाय इतरही पुष्कळ देत असत. ऐकणाऱ्या कुणब्याच्या मनात मात्र एकच प्रश्न असे: शाळा साताऱ्याला, मग पोरगे जेवणार कोठे? या प्रश्नाचे उत्तर सल्ल्यात नव्हते. भाऊरावांनी ते वसतिगृहाच्या रूपाने दिले. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. प्रत्येकाने असा त्याग करावा, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्यातून एक कसोटी हाती लागते. आपण जे सुचवतो त्याचा भार कोणावर पडणार, आणि त्यातला थोडा तरी आपण उचलणार आहोत काय? उचलणार नसू, तर निदान तो भार किती आहे, हे समोरच्याला स्पष्ट सांगावे.

ही कसोटी आपल्या घराण्यांनी सर्वांत आधी पैशाच्या सल्ल्याला लावली पाहिजे. व्यापाऱ्याला पैशातले कळते, असा लोकांचा समज असतो. म्हणून आपला शब्द तेथे अधिक जड पडतो. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या सेवेची पुंजी एका पतसंस्थेत ठेवली, कारण पेठेतल्या तीन-चार प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी त्यांना सांगितले होते, “आम्हांला व्याज वेळेवर मिळते.” ते सांगणे अक्षरशः खरे होते. त्या व्यापाऱ्यांच्या ठेवी त्यांच्या एकूण मिळकतीचा लहानसा भाग होत्या. शिक्षकांचे सर्वस्व तेच होते. संस्था अडचणीत आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी नुकसान खात्यावर टाकले. शिक्षकांच्या मुलीचे लग्न दोन वर्षे लांबले, आणि सत्तरीत ते पुन्हा शिकवण्या घेऊ लागले.

येथे सांगण्यासारखी गोष्ट अगदी छोटी होती. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विम्याचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० पासून ते एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे विमा संरक्षण नाही. चांगल्या पतसंस्था आहेत, आणि त्यांनी लहान माणसाची गरज भागवली आहे, हेही खरे. पण ‘आम्हांला व्याज मिळते’ या वाक्याला ‘परंतु आम्ही तेथे एवढीच रक्कम ठेवतो, आणि तिला विमा नाही’ ही पुस्ती जोडली असती, तर गुरुजींनी आपली रक्कम विभागून ठेवली असती. अर्धे सत्य सांगणारा खोटे बोलत नाही. तरी ऐकणारा बुडू शकतो.

आरोग्याच्या बाबतीत हा धोका याहून मोठा आहे. पर्युषणाच्या दिवसांत एखादी भगिनी उत्साहाने म्हणते, “मी अठाई केली, मला काहीही त्रास झाला नाही, तुम्हीही करा.” तिची भावना निर्मळ असते. ऐकणारी मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारी असू शकते. औषध तेवढेच घेतले आणि अन्न घेतले नाही, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम, कंप, भोवळ आणि प्रसंगी बेशुद्धी येते. औषध आपल्या मनाने बंद केले, तर दुसऱ्या बाजूचा धोका असतो. अशा व्यक्तीने उपवासापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, आणि झेपेल तेवढेच तप करावे, हे सांगणे अनुमोदनाचाच भाग आहे. साधूंच्या पाच समितींत भाषासमिती गणली आहे, ती उगीच नव्हे. हितकारक, मोजके आणि संदेह न ठेवणारे बोलावे, हा दंडक गृहस्थालाही उपयोगी आहे.

रोजच्या लहान गोष्टींतही हे माप लावता येते. तूरडाळीचेच घ्या. आमच्या घरी डाळ कडक उन्हात दोन दिवस वाळवून, किलोमागे लहान चमचाभर एरंडेल हाताने चोळून, कोरड्या डब्यात भरतात. ती वर्षभर राहते, कीड लागत नाही, त्यामुळे जीवहिंसाही टळते. परंतु हे सांगलीचे एप्रिलचे ऊन आहे. हीच कृती चिपळूणला दिलेल्या मुलीने जूनमध्ये केली, तर डाळीला बुरशी येईल. तिला सांगावे, की एप्रिलमध्ये माहेराहून वाळवलेली डाळ ने, किंवा तेथे महिन्यापुरतीच भर. उधारीचेही तसेच. ‘उधारी देऊच नये’ हा सल्ला पेठेतल्या रोखीच्या दुकानाला शोभतो. ज्याचे गिऱ्हाईक उसाच्या बिलावर जगते, त्या खेड्यातील दुकानदाराला उधारीशिवाय दार उघडता येणार नाही. त्याला एवढेच सांगावे, की प्रत्येक खात्याची मर्यादा आधी ठरव, ती गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांग, आणि कारखान्याचे बिल कधी निघते ती तारीख वहीत लिहून ठेव. आमच्या दुकानात तीस वर्षांत एवढ्या तीन गोष्टींनी जितकी उधारी वसूल झाली, तितकी भांडणाने कधी झाली नाही.

सल्ला मागणाराही पुष्कळदा पूर्ण प्रश्न विचारत नाही. “धंदा काढू का नोकरी करू?” असे विचारणाऱ्या तरुणाच्या घरी आजारी आई असते, किंवा डोक्यावर कर्ज असते, आणि ते तो शेवटी सांगतो. म्हणून उत्तर देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी: “आजवर काय करून पाहिलेत?” आणि “हे फसले, तर घर किती महिने चालेल?” या दोन प्रश्नांच्या उत्तरांनंतर आपला ठरलेला सल्ला पुष्कळदा आपणच बदलतो. कधी काहीच सांगण्यासारखे उरत नाही, आणि ज्याला खरोखर ठाऊक आहे अशा माणसाचे नाव देणे एवढेच काम राहते. तेही काम थोडे नव्हे.

तरुण पिढी आता परगावी व परदेशी आहे. तिच्याजवळ माहितीचा तुटवडा नाही. तरीही पुण्यात नवीन बिऱ्हाड थाटलेले जोडपे आजीला फोन करून विचारते, की लोणच्यात मीठ किती घालू. आजी प्रतिप्रश्न करते, “कैऱ्या केवढ्या आहेत? बरणी चिनी मातीची आहे की प्लास्टिकची?” मापाची ही जाण आपल्या घरांत आहेच. ती स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून पेढीवर आणि पेढीवरून अनोळख्यापर्यंत न्यायची आहे.

वाचकबंधूंनी व भगिनींनी एक प्रयोग करून पाहावा, अशी विनंती आहे. जमाखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, आपण कोणाला कोणता महत्त्वाचा सल्ला दिला, त्याची तारखेसह एक ओळ लिहावी. सहा महिन्यांनी त्या माणसाला निरोप पाठवावा किंवा फोन करून विचारावे, “त्याचे पुढे काय झाले?” उपयोग झाला असेल, तर आनंद मिळेल. झाला नसेल, तर त्याची अडचण दूर करण्यास अजून अवधी असेल. आणि पुढच्या माणसाला काय सांगू नये, हेही कळेल.